बिघाड मिक्सरमध्ये नव्हता : डीजे मिक्सर चालवणं आणि जपणं



उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेला माणूस डीजेच्या मिक्सरवर बोलणार, हे फलकावर वाचून काही जण गंमत बघायला आले असतील. हरकत नाही. गंमत म्हणून आलेली माणसंच शेवटपर्यंत बसतात, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

आम्हांला तरुणपणापासून एक नाद आहे, रेडिओ उघडून बघण्याचा. निवृत्तीनंतर तो वाढला. घरात सोल्डरिंगचा वास आला की आजोबा खुशीत आहेत असं समजतात. त्यामुळे दांडीतल्या पोरांचे बिघडलेले स्पीकर, अडकलेले माइक आमच्या ओटीवर येऊन पडतात.

गेल्या मे महिन्यात लग्नसराई आटोपल्यावर आमच्या पुतण्याचा मुलगा आला. वय २३. त्याचा छोटा डीजे आहे: दोन टॉप, दोन बेस, एक अ‍ॅम्प्लिफायर, लॅपटॉप आणि मिक्सर. तो म्हणाला, "आजोबा, मिक्सरचा हाय गेलाय. बटण पार उजवीकडे फिरवलं तरी वरचा आवाज येत नाही. दुकानदार म्हणतो, नवा घे." नवा मिक्सर म्हणजे त्याच्या अख्ख्या हंगामाची कमाई. त्या मिक्सरचं काय झालं होतं ते शेवटी सांगतो. मधल्या वेळात आपण यंत्र नीट समजून घेऊ, म्हणजे उत्तर तुम्हांलाच सापडेल.

एक रस्ता, अनेक फाटके

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्पीकरची भिंत येते. मुळात डीजे म्हणजे माणूस, गाणी निवडणारा आणि जोडणारा. आमच्या लहानपणी लग्नात कर्ण्याचा लाउडस्पीकर असे. एक तबकडी संपली की लाउडस्पीकरवाला दुसरी लावेपर्यंत मांडवात शांतता. ती शांतता भरून काढण्यासाठी मिक्सर आला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या नाचघरात अ‍ॅलेक्स रोझनर या तंत्रज्ञानं फ्रान्सिस ग्रासो या डीजेसाठी एक मिक्सर बांधला. रंग तांबडा, म्हणून नाव पडलं 'रोझी'. त्याचं वैशिष्ट्य असं, की लोक चालू गाण्यावर नाचत असताना पुढचं गाणं डीजेला एकट्याला हेडफोनवर ऐकता येई. ही सोय लक्षात ठेवा. आमच्या मते मिक्सरचा प्राण तिथंच आहे.

आता आवाजाचा रस्ता बघा. गाण्याची वायर मिक्सरच्या मागे लागते. तिथं 'फोनो' आणि 'लाइन' अशी निवड असते. तबकडीच्या सुईतून येणारा विद्युतसंदेश अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा. लॅपटॉपच्या साउंड कार्डातून येणारा त्याच्या शेकडो पट. शिवाय तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी आणि तार जास्त करून कोरलेली असते, ती फोनोची वाट परत सरळ करते. म्हणून लॅपटॉप फोनोत लावलात तर आवाज फाटतो आणि घुमतो. तबकडी लाइनमध्ये लावलीत तर आवाज चिरका आणि दुबळा येतो. निम्म्या तक्रारी या एका बटणाच्या असतात.

पुढे लागतो गेन. मग इक्वलायझर, म्हणजे हाय, मिड, लो. मग त्या चॅनलचा उभा फेडर. मग दोन बाजूंमध्ये सरकणारा क्रॉसफेडर. शेवटी मास्टर, आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर. रस्ता एकच, त्यावर फाटकं अनेक. पहिल्या फाटकात झालेली चूक पुढच्या कुठल्याही फाटकात दुरुस्त होत नाही, ती फक्त लहान-मोठी होते.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

गेन लावायची रीत सांगतो. इक्वलायझरची तिन्ही बटणं मध्यावर, घड्याळात बारा वाजल्यासारखी. फेडर खाली. गाण्याचा सगळ्यात जोराचा भाग लावा, हेडफोनचं क्यू बटण दाबा, आणि चॅनलच्या दिव्यांकडे बघत गेन हळूहळू वाढवा. हिरवे दिवे भरून शून्याच्या आसपास नाचले की थांबा. पिवळा अधूनमधून चालेल. लाल लागला तर मागे या. मग मास्टरही तसाच लावा. जागा किती मोठी, माणसं किती, हे ठरवायचं काम त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरचं.

लाल दिवा लागतो तेव्हा होतं काय? लाटेला वर चढायचं असतं, पण यंत्राकडे तेवढी उंची नसते. मग लाटेचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या माथ्यातून मूळ गाण्यात नसलेले कर्कश स्वर तयार होतात, आणि ते टॉपमधल्या नाजूक ट्वीटरवर जाऊन आदळतात. ट्वीटर जळाला की पोरं म्हणतात, माल हलका होता. माल बरा असतो, माथा कापलेला असतो.

आणि एक हिशेब. आवाज ३ डेसिबलनं वाढवायचा तर दुप्पट वॅट लागतात. पण माणसाच्या कानाला तो दुप्पट वाटतच नाही, थोडासा वाढल्यासारखा वाटतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. हजार वॅटचा डीजे 'डबल' वाजवायचा तर दहा हजार वॅट हवेत. म्हणून "अजून थोडा वाढव" ही मागणी वॅटच्या जोरावर कधीच पुरी होत नाही. ती पुरी होते आवाज स्वच्छ केल्यानं. मिड जरा सावरा, गाण्याचे शब्द कळू द्या, दोन गाणी जोडताना दोघांचा बेस एकाच वेळी उघडा ठेवू नका, आधी एकाचा लो खाली घ्या आणि मग दुसऱ्याचा वर. गर्दीला वाटतं, आवाज वाढला.

इथं आमचा विषय आठवतो. तारपा वाजवणारा मधोमध असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याचा आवाज त्याच्या छातीतल्या दमाएवढाच. दम संपला की नाच विसावतो. बेंजोवाल्याचे हात दुखतात, ढोलवाल्याचे खांदे भरून येतात. या प्रत्येक वाद्याला माणसाच्या देहानंच मर्यादा घातलेली आहे. मिक्सरला दम लागत नाही. त्यामुळे जी मर्यादा देह घालत होता ती आता बुद्धीनं घालावी लागते. ही जबाबदारी नवी आहे, आणि ती २०-२२ वर्षांच्या पोराच्या बोटांवर येऊन पडली आहे.

हेडफोनचं क्यू हे त्या बुद्धीचं साधन. पुढचं गाणं आधी आपल्या कानात ऐकायचं, ताल जुळतोय का बघायचा, पातळी बघायची, आणि मगच ते गावापुढे आणायचं. बोलण्याआधी मनात म्हणून बघावं, असं आपण मुलांना शिकवतो ना, तेच हे. न ऐकता गाणं सोडणारा डीजे आणि विचार न करता बोलणारा माणूस, दोघांची फजिती सारखीच.

आवाज मांडवात थांबत नाही

न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. तो कानापर्यंत कसा पोचतो हे सांगायला त्यांनी दोन दृष्टान्त दिले. एक वीचीतरंगन्याय: पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा शब्दातून शब्द. दुसरा कदंबमुकुलन्याय: कदंबाचं फूल जसं एकदम सगळ्या बाजूंनी फुलतं, तसा शब्द दाही दिशांना फुलतो.

डीजे लावणाऱ्यानं कदंबाचं फूल डोळ्यांपुढे ठेवावं. ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. घराच्या भिंतीला ती वळसा घालते, मागच्या खोलीत शिरते, खिडकीच्या काचा हलवते. १० हजार हर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. ती टॉपच्या तोंडापुढे सरळ जाते. परिणाम असा, की स्पीकरच्या मागे उभा असलेल्या ऑपरेटरला वरचे स्वर कमी ऐकू येतात, तो हाय वाढवतो, आणि समोर बसलेल्या आजीच्या कानात सुया टोचतात. म्हणून आमचा नियम: दर तासाला मिक्सर सोडून मांडवात एक फेरी मारायची. शेवटच्या रांगेत, स्पीकरपुढे आणि शेजारच्या घराच्या पायरीवर, तिन्ही जागी उभं राहून ऐकायचं.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. दोन्ही बाजूंना घरं असलेल्या आळीत तो तेवढा उतरत नाही, भिंतींवर आपटत पुढे जातो. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत, दांडी घ्या, उच्छेळी घ्या, नवापूर घ्या, घरं दाटीची. स्पीकरचं तोंड आळीकडे न करता मोकळ्या बाजूला केलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कायदाही सांगून ठेवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबलपर्यंतच जास्त चालतो, आणि कुठेही ७५ च्या वर नाही. परवानगी लेखी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले सरकारनं ठरवून दिलेले मोजके सणाचे दिवस तेवढे मध्यरात्रीपर्यंत सुटतात.

खारा वारा, हळद आणि गुलाल

आता जपणुकीकडे येऊ. पुण्या-नाशिकचा मिक्सर आणि आपला मिक्सर यांचं दुखणं वेगळं. आपल्याकडे समुद्र दाराशी. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाचं काय होतं ते घरच्या बायकांना विचारा. तेच मीठ वाऱ्याबरोबर मिक्सरच्या फटींत बसतं आणि पाझरून पिना, जॅक, स्विच यांना गंज चढवतं. वर हळदीच्या रात्री हळद, विसर्जनाला गुलाल, वरातीत कागदाचे चमचमते तुकडे. हे सगळं फेडरच्या फटीत जातं.

फेडर म्हणजे काय, तर एका पट्टीवरून सरकणारा छोटा संपर्क. पट्टीवर धूळ आली की सरकवताना खरखर येते. उपाय क्रमानं करायचा. मिक्सर बंद, वायर सॉकेटमधून बाहेर. आधी मऊ कोरडा ब्रश, मग हवेचा फवारा. तेवढ्यानं भागलं नाही तर फेडरसाठीच मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, अगदी थोडा, आणि फेडर वीस-पंचवीस वेळा खालीवर. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचा नाही. खोबरेल तेलाचा थेंब, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, यांतलं काहीही नको. एक दिवस फेडर लोण्यासारखा सरकतो आणि नंतर त्याच तेलावर धूळ धरून कायमचा बसतो. क्रॉसफेडर बऱ्याच मिक्सरमध्ये सुटा बदलता येतो, त्यासाठी अख्खा मिक्सर टाकू नका.

कार्यक्रम संपला की गरम मिक्सर तसाच पेटीत कोंबून टेम्पोत टाकू नये. थोडा निवू द्यावा, कोरड्या फडक्यानं पुसावा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत. पुड्या ओलावल्या की बदलायच्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची निगा राखतात ना, तशी मिक्सरचीही निगा राखा. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, सगळी बटणं, सगळे फेडर हलवा.

चालू करताना आधी लॅपटॉप, मग मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट, आधी अ‍ॅम्प्लिफायर. नाहीतर स्पीकरला 'थप्प' असा दणका बसतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. सतत गुणगुण येते म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण थांबतेही. पण तीच पिन ओल्या जमिनीवर, जनरेटरच्या विजेवर तुमचा जीव वाचवणार असते. गुणगुण घालवायची तर सगळी यंत्रं एकाच जागेवरून वीज घेतात का बघा, आवाजाची वायर विजेच्या वायरीपासून दूर घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा. पिन राहू द्या.

दोष शोधण्याची पद्धत

बिघाड शोधताना आमच्या तर्कशास्त्राचा उपयोग झाला. आपल्याकडे त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनंही १८४३ च्या ग्रंथात अशाच पद्धती मांडल्या. सोप्या भाषेत: एका वेळी एकच गोष्ट बदला. डावा स्पीकर बंद? मिक्सरमागच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. आता उजवा बंद झाला तर दोष मिक्सरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे. डावाच बंद राहिला तर दोष वायरीत किंवा पुढे. एकदम तीन वायरी बदलल्या आणि आवाज आला, तर आनंद होतो, ज्ञान होत नाही. पुढच्या लग्नात तोच बिघाड परत दारात.

ही पद्धत आम्ही पोराच्या मिक्सरला लावली. उघडला, मीठ-हळद साफ केली, जोड तपासले. मग फोनवरून ६ हजार हर्ट्झचा एकच बारीक स्वर बेताच्या पातळीत सोडला. हाय फिरवला की दिवे खालीवर होत होते, म्हणजे हाय चालू होता. वायर बदलली, चॅनल बदलला, स्पीकर बदलला. दिवे तेच सांगत होते. आम्हांला स्वर ऐकू येईना, ते आमच्या वयाचं. पण शेजारची दहा वर्षांची मुलगी दारात उभी होती, तिनं कानांवर हात ठेवले. आणि आमचा २३ वर्षांचा पोरगा शांतपणे म्हणाला, "सुरू केलंत का, आजोबा?"

आम्ही मिक्सर बंद केला. दोघंही काही वेळ बोललो नाही. सगळं बदलून झालं होतं, बदलायचा राहिला होता तो फक्त ऐकणारा.

पालघरला कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. आलेखात वरच्या स्वरांपाशी खड्डा. मोठ्या आवाजाची इजा बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या टापूतच आधी दिसते. कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. मग आम्हांला मागचं सगळं आठवलं. हंगामभर तो हाय वाढवत होता, कारण त्याला तो कमी ऐकू येत होता. पाहुणे कानांवर हात ठेवत होते. दोन ट्वीटर जळाले होते. रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, हे त्यानं आईला सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, झोप पुरी झाली नाही. खुणा सगळ्या होत्या, वाचणारा कुणी नव्हता. आम्हीही नाही.

कामाच्या ठिकाणी आवाजासाठी एक प्रमाण धरतात: ८५ डेसिबल दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. हळदीच्या रात्री स्पीकरजवळ चार-पाच तास उभ्या राहणाऱ्या पोराचा हिशेब तुम्हीच करा. त्यात बाहेरच्या गोंगाटावर मात करायला हेडफोनही पूर्ण उघडलेला. हेडफोन एकाच कानाला लावा, आवाज खालून वर न्या, आणि क्यू झालं की लगेच उतरवा.

पोरानं महिनाभर काम बंद ठेवलं. शिट्टी कमी झाली, पूर्ण गेली नाही. नवा मिक्सर घेतला नाही. कानात घालायचे इअरप्लग घेतले, मिक्सरनंतर एक लिमिटर बसवला, आणि उभं राहायची जागा स्पीकरपासून लांब घेतली. हाय आता तो कानानं ठरवत नाही. बटण मध्यावर ठेवतो आणि धाकट्या बहिणीला विचारतो.

प्रश्नोत्तरातून

शेवटी एका तरुणानं विचारलं: "सर, पैसे देणारं गिऱ्हाईकच म्हणतं, वाढव. नाही म्हटलं तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला. मग काय करायचं?"

प्रश्न खरा आहे, त्याला उपदेशानं उत्तर देता येणार नाही. तीन गोष्टी करून बघा. एक, सुरुवातच खालून करा, म्हणजे रात्री वाढवायला जागा राहते. पहिल्याच गाण्याला सगळं उधळलंत तर नंतर लाल दिव्याखेरीज काही उरत नाही. दोन, दोन मोठ्या स्पीकरांऐवजी मांडवात चार लहान वाटून लावा, सगळ्यांना सारखं ऐकू येतं आणि कुणाच्या तोंडावर भडिमार होत नाही. तीन, लिमिटर आणि रात्री १० ची वेळ या दोन्ही गोष्टी ऑर्डर घेतानाच सांगा, भर मांडवात नव्हे. एकटा डीजे हे सांगेल तर ऑर्डर जाईल, हे आम्हांला मान्य आहे. किनाऱ्यावरचे चार-पाच गावांचे डीजेवाले एकत्र बसून ठरवाल, तर गिऱ्हाईक जाणार कुठं?

मिक्सरचा फेडर बदलून मिळतो. कान बदलून मिळत नाही. एवढं लक्षात ठेवून हेडफोन डोक्याला लावा.